नांगराएवढं जास्त

डोंगरापलीकडच्या तळ्यात आत्याची होडी होती. खिंडीत बर्फ पडायच्या आत ती ओढून अलीकडे नदीच्या मुखाशी आणायची, एवढंच आमचं काम. सांगायला सोपं आहे हो! सांगायला तर हत्तीला मुंगीच्या बिळातून नेणंही सोपं.

होडी हवी होती माझ्या थोरल्या बहिणीला. ताई नदीच्या मुखाशी तर चालवायची, म्हणजे माणसं, शेळ्या, सायकली या काठावरून त्या काठावर. त्या वर्षीच्या पुरानं तिची होडी अशी फोडली की तिच्या फळ्या आम्ही चुलीत घातल्या, तर चूलसुद्धा गळायला लागली. धक्क्याचा नियम जुना होता. पूर ओसरला की मुकादम दिवस ठरवणार. त्या दिवशी सकाळी भोंगा होईल तेव्हा ज्याची होडी स्वतःच्या नांगरावर धक्क्यासमोर उभी असेल, वर्षभर तर त्याची. धक्क्याच्या खुंट्याला बांधलेली होडी चालायची नाही. खुंट्याला काय, कुणीही भंगार बांधून ठेवील.

पलीकडच्या काठावर या वर्षीच्या तरीवर डोळा ठेवून असलेला एक लाँचवाला आपल्या लाँचला रंग देत शिट्टी वाजवत बसला होता. ती शिट्टी पाण्यावरून थेट ताईच्या स्वयंपाकघरात यायची. ताईला बसवेना, उभं राहवेना. एकच पातेलं तिनं इतक्या वेळा घासलं की तळातून पलीकडचं दिसायला लागलं.

"अहो," ती एकदम म्हणाली, "गाडी बघा."

दाजी याच वाक्याची जन्मभर वाट बघत होते. दाजी म्हणजे ताईचे यजमान. धंदा खुर्च्या विणायचा, पण छाती ट्रक ड्रायव्हरची. दुपारपर्यंत ते एक जुनी पिकअप घेऊन दारात हजर! गाडीनं तीन मालक आणि दोन रंग बघितले होते. हॉर्न वाजवला की वायपर फिरायचे. सोबत गाड्यांचा दलाल आला होता.

"किती ओढेल?" ताईनं विचारलं.

"बाई, मागे डोंगर बांधा."

"डोंगर नकोय, होडी बांधायचीय. किलोत सांगा."

दलालानं आभाळाकडे बघितलं, जणू आकडा तिथे लिहिलाय. मग त्याला कुठलं तरी काम आठवलं.

ताईनं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते, पण दुसऱ्या मालकानं तिच्यावरूनही ब्रश फिरवला होता. ताईनं केसातला आकडा काढला आणि खरवडायला लागली. खरवडता खरवडता पाय आपटत होती. शेवटी रंगाखालून आकडे वर आले. गाडी आणि मागचं ओझं मिळून जास्तीत जास्त साडेचार हजार किलो.

"म्हणजे झालंच!" दाजी म्हणाले. "गाडी साडेचार हजार ओढते!"

"मिळून, अहो, मिळून! साडेचार हजारातून गाडी वजा, गाडीतलं सामान वजा, तुम्ही वजा. उरेल ते ओढायचं."

"मला कशाला वजा करतेस?" दाजींचा चेहरा पडला.

वाटेवर लाकडाची वखार होती आणि वखारीत गाड्या तोलायचा मोठा काटा. तिथे जो गोंधळ झाला तो आमच्या घराण्यातच होऊ शकतो. गाडी काट्यावर चढवायच्या आधी दाजींनी स्टेपनी उतरवली. मागचा फाळका काढला. हत्यारांची पेटी, जॅक, साखळ्या, मागचं बाकडं, सगळं खाली! टाकीत डिझेलही पुढच्या पंपापुरतंच. पैलवान लंगोटावर काट्यावर चढतो ना, तशी गाडी चढली.

"एकोणीसशे," काटेवाला म्हणाला.

"बघितलंस?" दाजी ताईला म्हणाले. "फुलासारखी आहे!"

"आता तुम्ही तिघं चढा," काटेवाला म्हणाला.

तिघंही एकदम मागे सरकलो. आमच्या घरात माणूस वय सांगेल, गुपितं सांगेल, पण वजन दुसऱ्यासमोर? छे!

"तोंडी सांगतो की," दाजी म्हणाले. "ऐंशी."

"साठ," ताई म्हणाली. तेही तिकडे तोंड करून.

"पासष्ट," मी म्हणालो. खोट्याचा वारा सुटलाच होता.

ताईनं बोटांवर हिशेब केला. तेवीसशे नव्वद आणि वर पाच किलो ओढता येईल. आत्याची होडी आणि तिची चाकांची ट्रॉली मिळून तेवीसशे, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. जवळजवळ शंभर किलो शिल्लक! दाजींनी हॉर्न वाजवला, वायपर नाचले. मग उतरवलेलं सगळं सामान त्यांनी शांतपणे पुन्हा गाडीत भरलं, पंपावर टाकी काठोकाठ केली आणि आम्ही निघालो. कुणालाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही. काटा झाला होता ना!

जंगल सुरू झालं तशी ताईची चुळबूळ वाढली. काच खाली घे, वर घे. ढग मोज. दर वळणावर "पोचलो का?" उंच सरळ झाडं रस्त्यावर वाकून बघत होती, त्यांच्या शेंड्यांतून वारा एकसारखा सरसरत होता. जंगलालाही कुठे तरी जायचं होतं आणि पाय नव्हते, असं वाटत होतं. एका ठिकाणी दरड कोसळली होती. आम्ही हातांनी दगड बाजूला केले. पुढे एक ओंडका आडवा पडला होता. साखळी बांधून दाजींनी तो गाडीनं ओढला आणि पुढचा अर्धा दिवस त्याच गोष्टीवर बोलत राहिले. त्याच्याही पुढे रस्त्यात एक अस्वल बसलं होतं. दाजींनी हॉर्न मारला. वायपर असे काही फडफडले की अस्वलाला वाटलं कुणी तरी निरोप देतंय. त्यानं पंजा हलवला आणि निघून गेलं. खोटं वाटत असेल तर अस्वलाला विचारा!

खिंड ओलांडून उतरलो तेव्हा खाली तळं दिसलं. राखाडी, थरथरणारं. काठावर आत्या उभी. हातात काठी, तोंडात सुपारी.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या तेराव्यालाच याल."

"आत्या, होडी?" ताईनं पायसुद्धा धरले नाहीत.

"ती काय."

होडी पाण्यात उभी होती. रुंद, बुटकी, काळीभोर. ताई पळत जाऊन तिच्या कडेला गाल टेकवून उभी राहिली. दिवसभरात ती स्थिर अशी तेवढीच उभी राहिली.

"तेवीसशेच ना गं आत्या? ट्रॉली धरून?"

"कोरडी असताना." आत्यानं सुपारी या गालातून त्या गालात ढकलली. "उन्हाळाभर पाण्यात आहे. लाकूड काय नुसतं बघत बसतं? पितं ते!"

होडीच्या कुशीवर आत्यानं पांढरी रेघ ओढलेली होती. होडी कोरडी होती तेव्हा पाणी त्या रेघेला लागायचं. आता ती रेघ चार बोटं बुडाली होती.

"एक बोट म्हणजे पंचाहत्तर किलो," आत्या म्हणाली. "म्हणजे तीनशे किलो पाणी प्यायलीय पोरगी. थांबा महिनाभर, काठावर वाळू दे."

ताईनं खिंडीकडे बघितलं. वरचा ढग पांढरट आणि जाड झाला होता, पोटात काही तरी धरून बसल्यासारखा. "महिना?" ती म्हणाली. "उद्या सकाळी भोंगा आहे, मला उद्याचा दिवसही परवडत नाही!"

"मग तुमची वजनं तरी नीट आहेत का? चढा होडीत एकेक जण."

"कशाला?" दाजींनी घाईनं विचारलं.

"माझ्या होडीला खोटं बोलता येत नाही म्हणून."

होडीत नांगर पडला होता. जुना लोखंडी, दोन आकड्यांचा, दांड्यावर 'चाळीस किलो' असं ओतलेलं. आत्यानं आधी नांगराच्या वजनानं होडी किती बुडते ते बघून ठेवलं, मग पाण्यात काठी रोवून मोजायला बसली. दाजी चढले. होडी अशी खाली गेली की तळ्यातले मासे वर बघायला आले.

"पंचाण्णव," आत्या म्हणाली. "जावईबापू, ऐंशी तुमच्या लग्नात होता!"

ताई साठची बहात्तर निघाली. आणि मी? माझ्या आकड्याचं इथे काही काम नाही. पासष्ट नव्हता, एवढं पुरे.

मग ताईला एकाएकी सगळंच दिसलं. ती गाडीकडे गेली, स्टेपनीवर हात ठेवला, फाळक्यावर ठेवला, पेटीवर ठेवला. "अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "हे सगळं काट्यावर होतं?"

"काट्याच्या शेजारी होतं," दाजी म्हणाले.

जो आरडाओरडा झाला त्यानं पलीकडच्या काठावरची बगळ्यांची माळ उडाली. पण ओरडून वजन कमी होत नाही. ताईनं काठावरच्या वाळूत हिशेब मांडला. गाडी उघडी, फक्त साठ किलो डिझेल आणि दाजी. तरी ओढायला उरतात दोन हजार चारशे पंचेचाळीस. ओली होडी ट्रॉलीसकट सव्वीसशे. म्हणून आम्ही स्टेपनी, पेटी, बाकडं सगळं आत्याच्या पडवीत टाकलं. मग होडीतल्या बैठका काढल्या, तळफळ्या काढल्या, डोलकाठी काढली. एकशेपंधरा किलो हलकी झाली.

"अजून चाळीस जास्त," ताई म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा नांगरावर गेल्या.

"तो इथेच राहू दे," दाजी म्हणाले. "खाली दुसरा बघू."

"खाली कुठे मिळणार? आणि भोंगा झाला की नांगर नसलेल्या होडीकडे मुकादम बघतो तरी का? नांगर येणार!"

"अगं, पट्टीवर लिहिलंय. तूच म्हणालीस."

"तुम्ही पाच घास कमी खा."

"चाळीस किलोचे घास?"

"तुमचे घास असेच असतात!"

नांगर आला. आणि माणसं? दाजी गाडी चालवणार, ताई आणि मी पायी. हातात एकेक लाकडी ठोकळा, गाडी मागे सरकली की चाकामागे घालायला. आत्यानं होडीच्या नाकाला हात लावला. वळली आणि काठीनं उगीचच एक दगड पाण्यात ढकलला.

चढ सुरू झाला. पहिला गिअर! इंजिन असं कण्हत होतं की मलाच दम लागला. चाकं खडी मागे उडवत होती. प्रत्येक वळणावर पिकअप थांबायची, थरथरायची, एक वीत मागे यायची. "ठोकळा!" ताई ओरडायची. घातला! पुन्हा जोर. पुन्हा थरथर. "ठोकळा!" घातला! होडी मागे अशी डुलत येत होती, जणू म्हातारी राणी पालखीत बसलीय आणि भोई नवे आहेत. वारा समोरून आला. पहिला बर्फाचा कण माझ्या नाकावर बसला आणि वितळायला तयार होईना. दाजी खिडकीतून ओरडले, "चढतेय गं! चढतेय!" त्यांच्या आवाजात रडूही होतं आणि हसूही.

आणि खिंड आली! दोन काळ्या कड्यांमधली अरुंद फट. आम्ही पार झालो आणि मागे वळून बघतो तो बर्फाचा पडदा खाली उतरलेला. खिंड बंद!

"जिंकलो!" दाजी म्हणाले. "चाळीस किलो जास्त काय घेऊन बसलीस? ओढली की नाही?"

ताई खालचा उतार बघत होती.

चढताना ओझं मागे ओढतं हो. उतरताना ढकलतं! पहिल्या वळणावर ब्रेक कुरकुरले. दुसऱ्यावर वास आला, जळक्या रबराचा. तिसऱ्यावर चाकांतून धूर! ताई आणि मी होडीत उड्या टाकल्या. पळून गाठणं आता शक्यच नव्हतं.

"थांबवा, अहो!"

"थांबतच नाहीये!"

पुढे वळण. वळणापलीकडे नुसतं आभाळ. दाजींनी हॉर्न दाबला. कशाला, देव जाणे! वायपर फडफडले. होडी पाण्यात आल्यासारखी नाकानं खाली-वर व्हायला लागली. आणि ताई, जिनं जन्मभर होडीच चालवली, होडीत बसल्यावर जे सुचतं तेच ओरडली:

"धाकट्या! नांगर टाक!"

मी टाकला! चाळीस किलो लोखंड मागच्या कडेवरून रस्त्यावर आदळलं. ठिणग्या! दोर सळसळत गेला, माझ्या टोपीला घेऊन गेला. नांगर खडी उडवत, उड्या मारत मागे येत होता. धरेना! धरेना! मग रस्त्याकडेच्या एका थोराड झाडाच्या मुळीत त्याचा आकडा गेला.

धाड!

सगळं थांबलं. होडी थांबली, ट्रॉली थांबली, पिकअप थांबली. पिकअपचं एक पुढचं चाक दरीवर होतं. हवेत. हळूहळू फिरत होतं.

कुणी हललं नाही. दाजींचा आवाज आला, अगदी बारीक. "मी उतरू का गं?"

"नाही! डोंगराकडच्या बाजूला सरका! वजन लागतंय तिथे!"

मी जाऊन ठोकळे लावले. ब्रेक गार व्हायची वाट बघितली. ताईनं दोर होडीवरच्या कप्पीतून घेऊन एका ओंडक्याला गुंडाळला, आणि आम्ही गाडी उलट्या गिअरमध्ये वीत वीत मागे घेतली. मग नांगर उपटायला गेलो. उपटेना! तिघांनी ओढला. दगडांनी उकरलं. झाडाची मुळी आकड्यावर अशी वळली होती, जणू म्हाताऱ्यानं नातवाचं बोट धरलंय. आणि वरून बर्फ उतरत होता, आणि खाली कुठे तरी मुकादम भोंग्याची नळी पुसत होता.

ताई दोन मिनिटं नांगराकडे बघत बसली. मग तिनं सुरी काढली आणि दोर कापला.

"ताई, आता भोंग्याला?"

"ठोकळा उचल. उतार संपेपर्यंत पायी."

गंमत बघा. नांगर गेला आणि हिशेब जमला! बरोबर पट्टीवर लिहिल्याइतकं वजन. पिकअप पहिल्या गिअरमध्ये इतकी शहाण्यासारखी उतरली की दाजी तिला अहो-जाहो करायला लागले. उतार संपल्यावर आम्हीही गाडीत बसलो, पण कुणी हसलं नाही. ताई नख चावत होती. दहाही संपली, तिनं माझी धरली.

धक्क्यावर आलो तेव्हा सकाळ होती, गर्दी होती आणि लाँचवाला आपल्या चकचकीत नांगरावर चकचकीत उभा होता. फक्त रंग ओला असल्यामुळे लाँचवर त्याला कुठेच बसता येत नव्हतं. आम्ही ट्रॉली उतरत्या धक्क्यावरून पाण्यात सोडली. होडी तरंगली! ओला रंग घासू नये म्हणून त्यानं लाँच अजून नदीच्या मधल्या प्रवाहातच ठेवली होती, धक्क्यासमोरची जागा आमच्या होडीनं आधी गाठली. पण ओहोटी सुरू झाली होती. पाणी होडीला समुद्राकडे ओढत होतं, आणि दोराचं टोक ताईच्या हातात.

"नांगर कुठाय?" लाँचवाला ओरडला. "मुकादमसाहेब, नांगर नाही त्यांच्याकडे! खुंट्याला बांधतील बघा!"

मुकादम पुढे आला. भल्या पोटाचा, गंभीर माणूस. "बाई, नियम ठाऊक आहे. नांगर स्वतःचा हवा."

ताईनं एकदा खुंट्याकडे बघितलं. एकदा पाण्याकडे. मग ती वळली आणि दोराचं टोक पिकअपच्या हुकाला बांधलं. घट्ट, दोन वेढे आणि गाठ.

"हा काय नांगर," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा आहे. म्हणजे माझाच."

गर्दी हसली. मुकादम हसला नाही. तो विचार करत होता. "वजन किती?" त्यानं विचारलं.

"एकोणीसशे!" दाजी म्हणाले. "काट्यावरचं. खरं."

"धरला तर नांगर," मुकादम म्हणाला. "भोंगा होईपर्यंत धरला पाहिजे."

दोर ताणला. ताणला तसा गायला लागला. उतरता धक्का शेवाळानं गुळगुळीत. पहिला गिअर, चारी चाकांना ठोकळे, तरी पिकअप एक वीत पाण्याकडे घसरली. मग दुसरी. ब्रेक तर डोंगरावरच जळालेले!

"वजन!" ताई किंचाळली. "वजन आणा!"

दाजी धावत पिकअपच्या मागच्या हौद्यात चढले. "पंचाण्णव!" ते ओरडले, गर्दीला ऐकू जाईल असं. "शंभर म्हणा! कालपासून खाल्लंय!"

मी चढलो. मासे विकणारी बाई टोपलीसकट चढली. "मी नव्वद, टोपली वेगळी!" शाळामास्तर चढले, सायकलवाला सायकलसकट चढला. ताईच्या सासूबाई, ज्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःचं वजन उच्चारलं नव्हतं, त्या वाट काढत आल्या. "बाजूला व्हा रे, मी एकशेदहा आहे!"

पिकअप घसरायची थांबली. स्प्रिंगा टेकल्या. दोर गात राहिला, होडी जागेवर थरथरत राहिली. एक टायर पाण्यात, तीन बाहेर.

मुकादमानं घड्याळ बघितलं. भोंगा उचलला. आणि नेमका तेव्हाच वारा फिरला! होडी एक हिसका देऊन बाजूला गेली. पिकअप पुन्हा सरकली.

मुकादम नियमाचा माणूस. त्यानं भोंग्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आपल्या पोटाकडे बघितलं. मग भोंगा घेऊन स्वतःच मागच्या हौद्यात येऊन बसला, आणि तिथूनच फुंकला!

तो भोंगा अजून माझ्या कानात आहे.

पिकअपचे ब्रेक पुढे कुणी दुरुस्त केले नाहीत. ती धक्क्यावरच राहिली. सकाळी ताईची होडी तिला बांधलेली असायची, आणि दाजी मागे बसून खुर्च्या विणायचे. कुणी तरी हमखास विचारायचा, "काय हो, ही किती ओढते?"

"ते ठाऊक नाही," दाजी म्हणायचे. "बसा ना जरा. तुम्ही किती किलो?"